अक्षरांचा शेजार

उन्हाळ्याची चाहूल लागली की कुंभारवाड्यात एक जुनी परीक्षा सुरू होते. गिऱ्हाईक माठ उचलतं, डाव्या तळव्यावर तोलतं आणि उजव्या हाताचं बोट वाकवून पेरानं त्याच्या पोटावर ठोकतं. खणकन वाजला तर भाव विचारायचा, बद्द वाजला तर गुपचूप खाली ठेवायचा. बारीक तडा डोळ्याला दिसतोच असं नाही, कानाला मात्र कळतो. शाबूत माठाची भिंत सगळीच्या सगळी एकदम थरथरते आणि ती थरथर थोडा वेळ टिकते. तडा असला की त्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, थरथरीतला जोर तिथेच जिरतो आणि आवाज निघतानिघताच मरतो. पूर्वी रुपयाही असाच दगडावर वाजवून घेत.

या परीक्षेतून आलेले शब्द आपण रोज वापरतो. खणखणीत आवाज, ठणठणीत प्रकृती, दणदणीत विजय. मराठी माणूस कौतुक करायला निघाला की त्याच्या तोंडी मध-साखर येण्याआधी मडकं आणि नाणं येतं. आवाज गोड आहे म्हणण्यापेक्षा तो अखंड आहे, कुठे फुटलेला नाही, हे त्याला जास्त मोलाचं वाटतं.

आता हेच शब्द संस्कृत काव्यशास्त्राच्या पंडितापुढे ठेवले तर तो कान झाकून घेईल. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं ‘काव्यप्रकाश’ लिहिला. त्यात काव्याचे तीन गुण सांगितले आहेत: माधुर्य, ओज आणि प्रसाद. यातल्या माधुर्यासाठी कोणती अक्षरं चालतात आणि कोणती नाहीत, याचा त्यानं चक्क नियम दिला. ट, ठ, ड, ढ यांना दार बंद. त्याच वर्गातल्या ण ला मात्र, त्याच्यापुढचा स्वर ऱ्हस्व असेल तर, मुभा. र लाही तशीच. लांबलचक समास नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्यंजनाच्या आधी त्याच्याच वर्गातलं अनुनासिक आलं की गोडवा येतो: ङ्क, ञ्च, न्त, म्प.

हा शेवटचा नियम वाचताना मला दर वेळी जुन्या शाळेचा हजेरीपट आठवतो. वसंत, हेमंत, अनंत, जयंत, मंदा, कुंदा, नंदा, चंपा, इंदू. एका अख्ख्या पिढीनं आपल्या मुलाबाळांची नावं मम्मटाला विचारून ठेवली असावीत असं वाटावं, इतका हा न्त-न्द चा सुकाळ. अर्थात कोणी विचारलं नव्हतं; कान विचारत नाहीत, ते सरळ निवडतात. पण नियमातली खोच बघा. त वर मम्मट काहीच बोलत नाही. एकटा त गोडही नाही आणि कडूही नाही. त्याच्या शेजारी न बसला की तो गोड होतो. क चंही तेच. पंकज म्हणताना जिभेची मागची बाजू टाळूला टेकलेली असतानाच आवाज नाकातून वाहायला लागतो आणि मग क अलगद सुटतो, वाट कुठे अडत नाही. पक्का म्हणताना तोच क श्वास अडवतो, क्षणभर शांतता होते आणि मग तो फुटतो. अक्षर एकच, शेजार वेगळा.

ओजाचा नियम याच्या उलट. वर्गातलं पहिलं अक्षर दुसऱ्याला जोडलेलं, तिसरं चौथ्याला जोडलेलं, रफार, ट-ठ-ड-ढ, श-ष, लांब समास. वीर, बीभत्स, रौद्र या रसांना हे हवंच. मम्मट दोषांच्या यादीत सुरुवातीलाच ‘श्रुतिकटु’, म्हणजे कानाला बोचणारा शब्द, घालतो खरा. पण तो नेहमीच दोष ठरत नाही, हेही सांगतो. रागावलेल्या भीमानं कोमल बोलावं अशी अपेक्षा कोणी करत नाही. आपल्याकडचा शाहीर डफावर थाप मारून उभा राहतो तेव्हा त्याच्या आवाजाला आपण मधुर म्हणत नाही, पहाडी म्हणतो, आणि ते म्हणताना मान डोलावतो.

आता एक नाव घ्या. विठ्ठल. मम्मटाच्या चाळणीतून हे नाव खाली पडणारच नाही. ट ला ठ जोडलेला, म्हणजे वर्गातलं पहिलं आणि दुसरं. ओजाच्या व्याख्येत नेमकं बसणारं जोडाक्षर. शृंगार-शांत रसाच्या कवितेत हे येऊ नये असा शास्त्राचा सल्ला. आणि महाराष्ट्रात याहून लाडकं नाव नाही. सात-आठशे वर्षं लाखो लोक ते चालता चालता घेत आलेत.

असं का, हे टाळ हातात घेतल्याशिवाय कळत नाही. वि हलका, ओठ-दातांतून सरकणारा. मग जीभ वर वळून टाळूला लागते, श्वास थांबतो आणि ठ सुटतो, अगदी टाळाच्या दोन वाट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा. शेवटचा ल पुन्हा मोकळा, पुढच्या वि कडे वाहत जाणारा. पुढे जोडाक्षर असल्यानं वि च्या दोन मात्रा, ठ ची एक, ल ची एक. नाव एकदा घेतलं की चार मात्रा, दोनदा घेतलं की आठ. भजनी ठेकाही आठ मात्रांचाच. नावातच ठेका आहे, आणि तो ठेका त्या ‘कडू’ जोडाक्षरानं दिलाय. हेच नाव विलल असतं तर त्यावर पावलं पडली नसती. दुसरं नाव पांडुरंग. त्यातही ड आहे, पण अनुस्वार त्याला कडेवर घेतो आणि पुढचा रंग तर मम्मटाच्या मनासारखा. म्हणून संथ आळवणीला पांडुरंग येतो आणि गजर चढला की विठ्ठल. देव एकच, पण दोन्ही गुणांची सोय लावून ठेवलेली.

इथे एक शंका येते. विठ्ठल गोड वाटतो तो आवाजामुळे की भक्तीमुळे? अर्थ काढून घेतला तर उरतं काय?

त्यासाठी मी एक खेळ सुचवतो. मराठीचा गंध नसलेल्या माणसाला दोन-चार शब्द नुसते ऐकवा: वाळवी, कावीळ, मरगळ, खीर. यातला मुलीला शोभेल असा शब्द निवड म्हणावं. माझी पैज वाळवीवर. व, ळ, पुन्हा व. दोन लांब स्वर, एकही ठेच नाही. आपल्याला मात्र लगेच दाराची चौकट आणि पोखरलेली पुस्तकं दिसतात. इंग्रजीत हाच खेळ ‘सेलर डोअर’ या शब्दांवरून खेळतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टॉल्किन भाषाशास्त्राचा प्राध्यापक होता. १९५५ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या एका व्याख्यानात तो म्हणाला की अर्थ आणि स्पेलिंग बाजूला ठेवलं तर हे शब्द सुंदर आहेत, असं बहुतेक इंग्रजी बोलणारे कबूल करतील. अर्थ काय, तर तळघराचं दार. त्याला वेल्श भाषा आवडायची, कारण तिथे असे शब्द त्याला पावलोपावली भेटत.

आवाज आणि अर्थ यांचं काहीच नातं नाही असंही नाही. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी गाजवलेला एक प्रयोग आहे. एक टोकेरी आकृती, एक गोलसर आकृती. यातली ‘किकी’ कोणती आणि ‘बुबा’ कोणती? बहुतेक सगळे टोकेरीला किकी म्हणतात. मराठीतही काटा, खिळा, टाचणी, तिखट एका बाजूला आणि गोल, मऊ, लोणी, मलम दुसऱ्या बाजूला असे गट पाडता येतात. पण फार ताणू नये. कापसासारख्या मऊ वस्तूचं नाव क, प, स नं बनलंय आणि जिभेला झोंबणारी मिरी ऐकायला लोण्यासारखी.

खरी गंमत अक्षरांच्या सांध्यात आहे. आपल्या व्याकरणानं त्याला नावही सांध्याचंच दिलं: संधी. सत् आणि जन शेजारी आले की त् ला ज् चा रंग चढतो आणि सज्जन होतो. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ. वाक् आणि ईश मिळून वागीश. शाळेत हे नियम पाठ करून घेतात तेव्हा ते पाणिनीनं लादल्यासारखे वाटतात. ‘जगत्-नाथ’ असं दहा वेळा भरभर म्हणून पाहा. दहाव्या वेळेपर्यंत जीभच जगन्नाथवर येते. पाणिनीनं जिभेची सवय लिहून काढली, एवढंच.

जिभेची दुसरी खोड म्हणजे दोन स्वर उघडे शेजारी आले की त्यांच्यामध्ये काहीतरी भरायचं. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला विचारा. ‘जाऊन’ लिहिलेलं असायला हवं तिथे ‘जावून’, ‘घेऊन’ऐवजी ‘घेवून’, ‘होऊन’ऐवजी ‘होवून’. तो वैतागून व कापत राहतो आणि लोक लिहीत राहतात. नियमानं तो बरोबर, पण कानानं लिहिणारेही खोटं लिहीत नाहीत. आ कडून ऊ कडे जाताना ओठ गोल होतात तिथे एक पुसटसा व खरोखर उमटतो. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात अ-आ च्या जागी अशाच पुसट य ची नोंद आहे. त्याला यश्रुती म्हणतात. आजचे मुद्रितशोधक ज्याच्याशी भांडतात, त्याची नोंद होऊन नऊशे वर्षं झाली.

हेमचंद्राला ही नोंद करावी लागली, कारण प्राकृतात उघडे स्वर फार झाले होते. शब्दाच्या मधोमध एकटं सापडलेलं क, ग, च, ज, त, द प्राकृतांनी गाळायला सुरुवात केली, आणि त्यात सगळ्यांत पुढे होती महाराष्ट्री, आपल्या मराठीची पूर्वज. नगरचं नअर झालं, मग नयर, मग नेर. अमळनेर, पारनेर, संगमनेर, पिंपळनेर ही गावं त्या गळतीची खूण अजून पाटीवर मिरवतात. जीर्णनगरचं जुन्नर झालं. देवकुलाचं देऊळ आणि राजकुलाचं राऊळ. म्हणजे शब्दातले खडे झिजत गेले आणि पाणी राहिलं.

झीज जास्त झाली की गोंधळ होणारच. महाराष्ट्रीत कवी म्हणजे ‘कइ’, आणि कपी म्हणजेही ‘कइ’. विदर्भातल्या वाकाटकांचा राजा प्रवरसेन यानं ‘सेतुबंध’ हे महाकाव्य महाराष्ट्रीत लिहिलं, आणि ते आहे वानरांनी बांधलेल्या पुलावर. एका ‘कइ’नं बाकीच्या ‘कइं’बद्दल लिहिलेलं काव्य असं त्याच्या दरबारात कोणी म्हटलं नसेल, असं मला वाटत नाही.

पण गद्यात अडचण ठरणारी ही झीज गाण्यात वरदान ठरली. संस्कृत नाटकांत एक विलक्षण रिवाज आहे. नायिका, तिच्या सख्या बोलतात शौरसेनी प्राकृतात. त्यांनाच गायचं असलं की त्या महाराष्ट्रीत गातात. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त प्रस्तावनेतली नटी ग्रीष्म ऋतूचं गाणं म्हणते ते महाराष्ट्रीत. कारण गायकाला व्यंजनावर थांबता येत नाही. त् वर सूर लावून दाखवा, लागणार नाही. सूर लागतो स्वरावर, आ वर, ई वर, ओ वर. ज्या भाषेत स्वरच स्वर आहेत ती गाण्याला आयती. काव्यशास्त्रकार दण्डीनं महाराष्ट्रातल्या या भाषेला श्रेष्ठ प्राकृत म्हटलं. इ.स. ९०० च्या सुमाराला राजशेखरानं ‘कर्पूरमंजरी’ मुद्दाम प्राकृतात लिहिली आणि कारण दिलं की संस्कृत रचना राठ असते आणि प्राकृत सुकुमार; दोघींत पुरुष आणि स्त्री यांच्याइतकं अंतर.

मराठीला उठसूट रांगडी म्हणणाऱ्यांना हे ऐकवावंसं वाटतं. एके काळी सबंध भारताच्या रंगभूमीवर गाण्यासाठी इथली बोली उसनी घेतली जात होती. मग मधे झालं काय? दोन गोष्टी झाल्या. संस्कृत शब्द पुन्हा जसेच्या तसे परत आले, त्यांनी जोडाक्षरं आणली. आणि शब्दाच्या शेवटचा अ आपण बोलताना गिळायला लागलो. राम लिहितो आणि राम् म्हणतो, फळ लिहितो आणि फळ् म्हणतो. एकेक उघडं दार असं लोटलं गेलं. तरी प्राकृतानं दिलेली दोन अक्षरं हाती राहिली. दोन स्वरांच्या मधला ल ळ झाला, कमल-कमळ, फल-फळ, काल-काळ. आणि न चा ण झाला, पानीय-पाणी, भगिनी-बहीण. ळ म्हणताना जीभ वर वळते, पण ट सारखी टाळूला चिकटत नाही, नुसती चाटून पुढे पडते. झुळझुळ, सळसळ, खळखळ, मंजूळ, सगळी वाहती माणसं या ळ च्या घरची.

गोडव्याची ही तेढ सुरांच्या जगातही तशीच आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात स्वराची व्याख्या आहे: श्रुतीच्या पाठोपाठ उमटणारा, स्निग्ध, मागे रेंगाळणारा आणि स्वतःच्याच बळावर ऐकणाऱ्याचं मन रंगवणारा तो स्वर. स्निग्ध हा शब्द त्यानं वापरला याचं मला फार अप्रूप वाटतं. तुपाला, तेलाला वापरायचा शब्द. आणि मागे रेंगाळणं म्हणजे आपला खणकन वाजणारा माठच. त्याच यादवांच्या राज्यात, त्याच शतकाच्या शेवटी, १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. तिच्या सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वर मराठीला अमृताशी पैज लावायला उभं करतात, आणि पुढे तर म्हणतात की हे बोल ऐकून कानांना जिभा फुटतील, इंद्रियं आपसांत भांडतील. एकीकडे आवाजाला स्निग्ध म्हणणारा शास्त्रकार, दुसरीकडे कानाला चव देणारा कवी. दोघांनाही आवाज चाखावासा वाटला.

शार्ङ्गदेवाच्या ‘स्वतःच्या बळावर’शी मात्र तंबोरा सहमत होणार नाही. तंबोरा म्हणजे शेजाराचं वाद्य.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तो कसा बनतो ते पाहण्यासारखं आहे. तिथली घराणी मूळची शिकलगारांची, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची गिऱ्हाइकी ओसरली आणि तेच हात तारांकडे वळले. भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूनं. चार तारा: पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे जोडाच्या, शेवटची खर्जाची. खुंट्या पिळून तारा ढोबळ मिळवायच्या, मग खालचे मणी सरकवून बारीक. एवढं झालं तरी आवाज कोरडाच असतो. मग येतो दोरा. घोडीच्या आणि तारेच्या मध्ये सुताचा एक बारीक धागा घालायचा आणि तो केसभर पुढे, केसभर मागे करत राहायचं. एका नेमक्या जागी आवाज एकदम उमलतो, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा. याला जवारी लागणं म्हणतात. धागा त्या जागेवरून जरा हलला की मोहोळ बसतं.

घोडीचा माथा किंचित गोलाई देऊन घासलेला असतो. तार कंप पावताना त्या उतारावर लोळत पुन्हापुन्हा टेकते आणि सुटते. साध्या तारेला जिथे छेडाल त्याप्रमाणे तिच्यातले काही वरचे सूर गायब होतात, हा जुना नियम. तंबोरा-वीणेच्या घोडीमुळे तो नियम इथे लागू पडत नाही, सगळेच वरचे सूर जागे राहतात, हे सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात काम करत असताना १९२१ मध्ये दाखवलं. नोबेल मिळायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती.

या वरच्या सुरांमुळे शेजार जमतो किंवा बिघडतो. खर्जाची तार सेकंदाला ७० वेळा थरथरते असं धरा. मग जोडाची १४०, मंद्र पंचमाची १०५. कोणतीही तार नुसता आपला सूर देत नाही, त्याची दुप्पट, तिप्पट, चौपटही देते. जोडाची तिप्पट ४२०. पंचमाची चौपट ४२०. दोघी वरच्या मजल्यावर एकमेकींना भेटतात. आता पंचम एक कंपनानं चढला, १०६ झाला, चौपट ४२४. वर ४२० आणि ४२४ एकमेकींवर आदळतात आणि आवाजात सेकंदाला चार हेलकावे येतात, वॉव-वॉव-वॉव. मिळवणारा गवई गणित करत नाही. तो मान तिरकी करून हे हेलकावे ऐकतो आणि मणी सरकवतो. हेलकावे संथ होत होत थांबले की तार मिळाली. आणि खर्जाची पाचपट, ३५०, हा वरच्या सप्तकातला गंधार. चारांतल्या एकाही तारेवर तो नाही. नीट मिळालेल्या तंबोऱ्यात तो आपसूक ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

पेटीचा गंधार या स्वयंभू गंधाराहून चढा असतो, अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्श्यानं. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की ही तडजोड येतेच. पेटीला मींड काढता येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, दाखवता येत नाहीत, या तक्रारींपोटी १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली. ती उठायला १९७१ उजाडलं. मधल्या तीस वर्षांत आपली नाट्यगीतं, भजनं, कीर्तनं पेटीवरच चालू होती आणि कोणाचे कान किटले नाहीत. सवयीचा शेजार थोडा खडबडीत असला तरी खपतो.

कानाची ही सवय किती आणि उपजत किती, हे तपासायला काही संशोधक बोलिव्हियाच्या जंगलात गेले आणि २०१६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. तिथल्या त्सिमाने लोकांच्या संगीतात एकाच वेळी दोन सूर लावण्याची पद्धत नाही. जमणारे आणि न जमणारे सूर त्यांना वेगळे ओळखता आले, पण न जमणारे वाईट वाटले नाहीत. जलद हेलकाव्यांची खरखर मात्र त्यांनाही नकोशीच वाटली. म्हणजे खरखर कानाची, बाकीचं संस्काराचं.

खरखर तरी सगळीकडे टाळतो का आपण? प्राचीन नाट्याचार्य भरतानं दोन श्रुतींचं अंतर असलेल्या स्वरांना विवादी म्हटलं आणि नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर असलेल्यांना संवादी. शब्द बघा, सगळे वाड्यातल्या भाऊबंदकीतले. अगदी खेटून राहणाऱ्यांचं पटत नाही, चार घरं सोडून असलेल्यांचं जमतं. आणि तरी भैरव रागात षड्जाला खेटून बसलेला कोमल रिषभ हलवत हलवत लावायचा असतो. पहाटे तोच ऐकायचा असतो. मारव्यात तोच रिषभ, पंचमाला घराबाहेर ठेवून, षड्जावर येणं लांबवत, संध्याकाळची हुरहूर लावतो. श्रुतिकटु कुठे दोष नसतो, याचं मम्मटानं शब्दांत दिलेलं उत्तर इथे सुरांत मिळतं.

भाषेचा आवाज आणि वाद्याचा आवाज सगळ्यात जवळ येतात ते तबल्यात. गळ्यावर बोट ठेवा आणि क, त, प म्हणा. मग ग, ध, ब म्हणा. दुसऱ्या वेळी गळा थरथरतो. जुन्या शिक्षाकारांनी या अक्षरांना घोष म्हटलं, पहिल्यांना अघोष. आता तीनताल म्हणा. सुरुवातीला धा धिं धिं धा. तिथे डग्गा घुमत असतो. खाली आली की डग्गा गप्प होतो, फक्त उजवा बोलतो, आणि बोल होतो ता. धा मधली गळ्याची थरथर म्हणजेच डग्ग्याची घुमार. ती काढून घेतली की तोंडात आणि तबल्यावर एकाच वेळी ता उरतो. तबल्याचे बोल कोणा व्याकरणकारानं बसवले नाहीत. उस्तादांनी वाद्य ऐकलं आणि तोंडानं त्याची नक्कल केली, ती घोष-अघोषाच्या तक्त्यात चपखल बसली. तराण्यातही तेच. ना, ता, दे, रे, दानी, तोम्. एकही ट-ठ नाही, अर्थ नाही, नुसती धावायला मोकळी अक्षरं.

मराठीनं ख्याल कसा गावा हा प्रश्न नाट्यसंगीतानं प्रत्यक्षात सोडवला. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं. ज्या नाटकातली नटी महाराष्ट्रीत गात होती ते नाटक आता सगळंच मराठीत गायला लागलं. पुढे १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी खाडिलकरांच्या मराठी शब्दांवर चढवल्या. शब्द संस्कृतप्रचुर, जोडाक्षरांनी भरलेले. कसलेला गायक काय करतो ते लक्ष देऊन ऐका. जोडाक्षर तो चटकन उरकून घेतो आणि पुढच्या स्वरावर जाऊन बसतो. आणि बोलताना गिळलेला शेवटचा अ गाताना परत येतो. राम् चा पुन्हा राम-अ होतो, घन् चा घन-अ. लोटलेली दारं तो एकेक उघडतो. गाताना मराठी आपल्या पणजीसारखी बोलायला लागते.

याचा सगळ्यात जुना नमुना रंगभूमीवर सापडणार नाही, तो जात्यापाशी सापडेल. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकलं की आधी ऐकू येतो तो दगडावर दगड फिरण्याचा आवाज. घरघर. एरवी हा शब्द किती वाईट. शेवटची घरघर लागली म्हणजे संपलं. पण त्या सपाट, अखंड आवाजावर बाई सूर धरते, खुंटा एक फेरा घेतो तेवढ्यात एक चरण बसवते आणि शेवटचा स्वर लांब सोडून देते, दाणे टाकायला मूठ भरेपर्यंत. घरघर तिचा तंबोरा असते. गिरण्या आल्या, पीठ मिनिटांत मिळायला लागलं, आणि ज्या घरांतून जाती गेली त्या घरांतून ओव्याही हळूहळू गेल्या. म्हातारीला अंगणात बसवून ओवी म्हण म्हटलं तर ती हसते, आठवत नाही म्हणते. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण तिच्याच घरची.